रोगाचा राग झाला, त्याची गोष्ट

माझी अम्मी ७८ वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात, मराठी शाळेत ती चौथीपर्यंत शिकली. घरात आम्ही दखनी आणि मराठी मिसळून बोलतो, पण वाचायचं म्हटलं की अम्मी मराठीच वाचते. ओठांतल्या ओठांत पुटपुटत, एकेक अक्षर लावून. मागल्या वर्षी तिच्या रक्ताच्या तपासण्या केल्या. हल्ली रिपोर्टचा कागद हातात पडतोच असं नाही. लॅबचं ॲप फोनवर घ्यायचं आणि त्यात पाहायचं. हे ॲप मराठीत होतं, याचं मला कौतुक वाटलं. अम्मीच्या फोनवर ते घेऊन दिलं, तिच्या डोळ्यांना सोसतील एवढी अक्षरं मोठी करून दिली आणि मी चहा टाकायला आत गेलो. थोड्या वेळाने हाक आली, "अरे, माझ्या रागाचं निदान या लोकांनी कधी केलं?"

जाऊन पाहिलं. पडद्याच्या माथ्यावर 'रोगनिदान अहवाल' असं लिहिलेलं असावं. पण 'रो'ची मात्रा वरच्या कडेला छाटली गेली होती आणि नुसता काना उरला होता. रोगाचा राग झाला होता. खालच्या बटणावर 'पुढे' होतं. त्याची मात्रा वर गेली, उकार खाली गेला, आणि शिल्लक राहिलं 'पढ'. अम्मी म्हणाली, "पढ बोलताय, पर क्या पढूं?"

आम्ही दोघंही हसलो. पण त्याच पडद्यावर साखरेचे दोन आकडे होते, १२६ आणि १८४. पहिल्यापुढे 'जेवणा' आणि तीन टिंबं. दुसऱ्यापुढेही 'जेवणा' आणि तीन टिंबं. अक्षरं मोठी झाल्यामुळे 'जेवणापूर्वी' आणि 'जेवणानंतर' हे दोन्ही शब्द डब्यात मावले नव्हते, म्हणून त्यांचे शेपूट कापून टाकले होते. अम्मीने १८४ हा आकडा जेवणापूर्वीचा धरला. मला काही न बोलता त्या रात्री ती अर्धीच भाकरी खाऊन उठली. दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा कारण कळलं. मग मात्र मला हसू आलं नाही.

मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस. संगणकाशी माझा संबंध कविता टाइप करण्यापुरता. पण अक्षराची मोडतोड झाली की कवीला गप्प बसवत नाही. माझा भाचा हिंजवडीत मोबाइलची ॲप्स तयार करतो. रविवारी तो घरी आला. बरोबर त्याच्या ऑफिसातली एक मुलगी होती, अनुभवाने त्याच्याहून वरचढ. त्या दोघांच्या वादातून मला जे कळलं, ते तुम्हाला सांगतो. विषय तांत्रिक आहे खरा, पण ज्यांच्या हातात फोन आहे त्या सगळ्यांचा आहे.

कुठलंही ॲप उघडलं की मथळा, बटणं, यादी, चित्रं असं जे दिसतं, ते कुणीतरी रचलेलं असतं. प्रत्येक डेव्हलपर हे अगदी मुळापासून रचत नाही. बटण कसं उमटावं, बोट लागलं की काय व्हावं, यादी कशी सरकावी, याची तयार सामग्री त्याला मिळते. तिला फ्रेमवर्क म्हणतात. आपण चौकट म्हणू. अँड्रॉइड फोनसाठी गूगलने अशी एक नवी चौकट २०१९ साली जाहीर केली आणि जुलै २०२१ मध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती आली. तिचं नाव 'जेटपॅक कंपोझ'.

नाव ऐकून मी चमकलोच. कंपोझ हा शब्द मी पुण्याच्या पेठांतल्या छापखान्यांत ऐकलेला. माझ्या पहिल्या कविता छापल्या गेल्या तेव्हा खिळ्यांचे छापखाने अजून चालू होते. कंपोझिटर खणातून एकेक खिळा उचलून ओळ लावायचा. प्रुफात चूक निघाली की चिमट्याने तो खिळा काढायचा, दुसरा बसवायचा, आणि शब्द लांबला तर पुढच्या ओळी सरकवत बसायचं. एका दुरुस्तीच्या नादात शेजारची वेलांटी मोडायची, ती वेगळीच.

भाचा म्हणाला, "मामू, आमची जुनी पद्धत अगदी अशीच होती." पडद्याचा आराखडा एका फाइलमध्ये आणि त्यात बदल करणारा प्रोग्रॅम दुसरीकडे. समजा, किराणा मागवायचं ॲप आहे. तुम्ही पिशवीत तिसरी वस्तू टाकली. आता वरचा दोनचा आकडा शोधून तिथे तीन लिहा, खालची बेरीज बदला, 'पिशवी रिकामी आहे' ही पाटी दिसत असेल तर लपवा. यातलं एक काम डेव्हलपर विसरला की वर तीन वस्तू आणि खाली पैसे दोनच वस्तूंचे.

नव्या पद्धतीत तो एकेक दुरुस्ती सांगत नाही. पिशवीत अमुक वस्तू असतील तर पडदा असा दिसला पाहिजे, एवढंच लिहितो. वस्तू बदलल्या की पडद्याचा जेवढा भाग त्यांच्यावर अवलंबून आहे, तेवढा चौकट आपण होऊन पुन्हा रचते. त्याला ते रिकंपोझिशन म्हणतात. ही रीत एकट्या गूगलची नव्हे. फेसबुकने २०१३ मध्ये वेबसाइटसाठी 'रिॲक्ट' सर्वांना खुलं केलं, तेव्हापासून ती फैलावली. २०१५ मध्ये तिचा मोबाइलचा अवतार आला. गूगलच्याच 'फ्लटर'ची पहिली आवृत्ती डिसेंबर २०१८ ची, तर ॲपलने 'स्विफ्टयूआय' जून २०१९ मध्ये जाहीर केलं. सात-आठ वर्षांत फोनचा पडदा रचण्याची तऱ्हाच पालटली.

भाचा या नव्या तऱ्हेचा भक्त. प्रोग्रॅम लहान होतो, चुका कमी होतात, जुन्या ॲपमध्ये थोडी थोडी करत ती आणता येते, असं त्याचं म्हणणं. त्याची सहकारी तेवढी खूश नव्हती. ती म्हणाली, "काका, रिक्षात बसून 'अलका टॉकीज' म्हटलं की रिक्षावाला नेतो. पूर्वी मला प्रत्येक वळण सांगावं लागायचं, आता लागत नाही. हे छानच आहे. पण तो कुठल्या बोळातून नेतोय ते मला दिसत नाही, आणि मीटर पडत असतो."

म्हणजे काय, तर चौकट कोणता भाग कधी आणि किती वेळा पुन्हा रचते, हे वरवर पाहून कळत नाही. थोडी गफलत झाली, तर एक आकडा बदलायच्या जागी अख्खी यादी पुन्हा पुन्हा रचली जाते. महागड्या फोनवर ते ध्यानात येत नाही. स्वस्त फोनवर बोट पुढे जातं आणि यादी मागून येते. शिवाय ही चौकट फोनमध्ये आधीपासून बसवलेली नसते, ती प्रत्येक ॲपबरोबर येते. म्हणून ॲप पहिल्यांदा उघडताना साध्या फोनवर ते अडखळू शकतं. त्यावर उपाय आहेत, पण डेव्हलपरला ते मुद्दाम करावे लागतात.

भाच्याने लगेच दुसरी बाजू मांडली. चौकट ॲपबरोबर येते म्हणूनच तर जुन्या फोनलाही तिच्या नव्या सुधारणा मिळतात. ॲपलच्या चौकटीचं तसं नाही. ती फोनच्या आवृत्तीला बांधलेली आहे, त्यामुळे तिच्यातल्या नव्या सोयी हव्या असतील तर फोनचं सॉफ्टवेअरही नवं लागतं. दोघांचंही खरं होतं.

मला गंमत वाटली ती आणखी एका वादाची. ही चौकट पडद्याचा भाग पुन्हा रचते तेव्हा मधल्या काळात घडलेलं विसरून जाते. विसरू नये असं वाटत असेल तर डेव्हलपरला तिथे 'रिमेंबर' असा शब्द लिहावा लागतो. आठव, म्हणून सांगावं लागतं. एवढ्यानेही भागत नाही. फोन उभ्याचा आडवा केला की साधारणपणे अख्खा पडदा नव्याने उभा राहतो आणि साधं 'रिमेंबर' पुसलं जातं. त्यातून वाचायचं तर 'रिमेंबर सेव्हेबल' लिहावं लागतं. तुम्ही अर्धा फॉर्म भरला, फोन जरा कलला आणि भरलेलं सगळं गेलं, असा अनुभव तुम्हाला आला असेल. अशा वेळी बहुधा कुणीतरी आठवण ठेवायला सांगायचं विसरलेलं असतं. हे चौकटीने स्वतःच सांभाळायला हवं होतं, असं त्या मुलीचं मत. भाचा म्हणाला, सगळंच आठवत बसली तर चौकट जड होईल, काय ठेवायचं ते माणसाने ठरवावं.

इथे माझ्या डोक्यात काहीतरी लखलखलं. मी विचारलं, "म्हणजे तुम्ही जे सांगत नाही, ते चौकट आपल्या मनाने गृहीत धरते?" दोघंही म्हणाली, "हो. त्याला डिफॉल्ट म्हणतात."

मला वाटतं, या सगळ्या वादाचं मर्म त्या शब्दात आहे. वळणं सांगायचं काम आपण सोडलं की रिक्षावाल्याच्या मनातला रस्ता महत्त्वाचा होतो. चौकट जितकी जास्त कामं अंगावर घेते, तितकं तिने काय गृहीत धरलं आहे याला वजन येतं. आणि गृहीत धरताना तिच्या कर्त्यांच्या डोळ्यांपुढे कोण होतं? कोणती लिपी, कोणत्या वयाचे डोळे?

गृहीत धरलेलं चांगलंही असू शकतं. माझ्या घरात दोन दिशांनी वाचन चालतं. मराठी डावीकडून, उर्दू उजवीकडून. अँड्रॉइडमध्ये उजवीकडून सुरू होणाऱ्या लिपींसाठी अख्खा पडदा उलटवण्याची सोय २०१२ मध्ये, ४.२ या आवृत्तीत आली. त्याआधीचे डेव्हलपर 'डावीकडे एवढी जागा सोड' असं लिहायचे, आणि ते उर्दूला किंवा अरबीला लागू पडत नसे. कंपोझमध्ये रीतच अशी ठेवली आहे, की डेव्हलपर 'सुरुवातीला जागा सोड' असं लिहितो. सुरुवात कुठली, ते भाषा ठरवते. डावीकडेऐवजी सुरुवात. एका शब्दाच्या निवडीने किती माणसांची सोय झाली पाहा.

मग रोगाचा राग का झाला? मी अम्मीचा फोन त्यांच्यापुढे ठेवला. त्या मुलीने पाहिलं आणि लगेच ओळखलं. अँड्रॉइडमध्ये मोजायची मापं दोन आहेत. डबा, बटण, मोकळी जागा यांचं माप वेगळं आणि अक्षरांचं वेगळं. वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये अक्षरं मोठी केली की अक्षरांचं माप वाढतं, डब्याचं वाढत नाही. २०२३ च्या अँड्रॉइड १४ मध्ये तर अक्षरं दुपटीपर्यंत मोठी करता येतात. आता डेव्हलपरने डब्याची उंची पक्की करून ठेवली असेल, तर आतलं अक्षर वाढतं आणि डबा तेवढाच राहतो. लहान भावाच्या सदऱ्यात थोरल्याला कोंबल्यासारखं.

त्यात आपली लिपी तीन मजल्यांची. मधल्या मजल्यावर अक्षर, शिरोरेघेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार. रोमन लिपीला इतकी उंची लागत नाही. बटणावर इंग्रजीत 'नेक्स्ट' लिहिलेलं असतं तेव्हा जी उंची ऐसपैस वाटते, ती 'पुढे'ला अपुरी पडते. डेव्हलपर इंग्रजीत पाहतो, ठीक आहे म्हणतो, मराठी भाषांतर नंतर कुणीतरी भरतं. कापलं जातं ते बरोबर वरचं आणि खालचं, म्हणजे जिथे आपल्या शब्दाचा अर्थ राहतो तेच. दोनचं दान होतं, मोलाचा माल होतो.

या वर-खालच्या जागेवरूनही डेव्हलपरांत बरीच चर्चा झालेली आहे. अँड्रॉइडच्या जुन्या पद्धतीत मजकुराच्या वर आणि खाली थोडी जास्तीची जागा आपोआप सुटायची. उंच लिपींची अक्षरं छाटली जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. पण डिझाइन करणाऱ्यांना ती खुपायची. चित्रात मजकूर बटणाच्या बरोबर मध्यावर आणि फोनवर जरा सरकलेला. शेवटी कंपोझच्या जानेवारी २०२४ मधल्या आवृत्तीपासून ही जास्तीची जागा न सोडणं, हेच डिफॉल्ट झालं. हे करताना कर्त्यांना उंच लिपींचा विसर पडला होता असं नाही. अक्षरं उंच असतील तर ओळ आपण होऊन उंच व्हावी, अशी सोय दिलेली आहे. पण डेव्हलपरने ओळीची किंवा डब्याची उंची स्वतःच पक्की केली, की ती सोय लंगडी पडते.

भाच्याने लॅपटॉप उघडला. लॅबच्या पडद्यासारखा एक पडदा दहा मिनिटांत तयार केला, आणि त्यातही रोगाचा राग करून दाखवला. मग त्याने 'उंची' या शब्दाच्या जागी 'किमान उंची' असं लिहिलं. डबा निदान एवढा असावा, लागलं तर वाढावा. मात्रा परत आली. 'जेवणापूर्वी'ला एकाच ओळीची सक्ती होती, ती काढली. शब्द दुसऱ्या ओळीवर उतरला, पण पुरा दिसला. दोनच जागी बदल. मी म्हटलं, "एवढंच होतं?" तो म्हणाला, "एवढंच. पण कुणाच्या लक्षात यायला हवं ना."

लक्षात यायची सोयही चौकटीत आहे. ॲप फोनवर न चढवता पडदा कसा दिसेल ते लॅपटॉपवर पाहता येतं. भाषा मराठी, अक्षर दीडपट, असं एका ओळीत लिहिलं की तसा पडदा समोर येतो. मी सहज विचारलं, "तुमच्या ॲपला हे कधी लावून पाहिलंत?" दोघं एकमेकांकडे बघायला लागली. भाच्याने आपल्या कंपनीच्या रजेच्या अर्जाचा पडदा उघडला आणि ती ओळ लिहिली. 'मंजूर'चा अनुस्वारही गेला आणि ऊकारही. पडद्यावर उरलं 'मजर'. तो बराच वेळ काही बोलला नाही.

या शहराला हा प्रश्न नवा नाही. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं, आणि आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेलं, संगणकाच्या पडद्यावर भारतीय लिपी उमटवणारं 'जिस्ट' तंत्रज्ञान इथे वाढलं. भारतीय लिपींची 'इस्की' ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक झाली. आज जगभर चालणाऱ्या युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या रूपावर बेतलेली आहे. विंडोजमधला 'मंगल' हा फॉन्ट रेखाटणारे र. कृ. जोशी सुलेखनकार होते, आणि कवीही होते. ते २००८ मध्ये गेले. त्याच वर्षी 'ॲ' या आपल्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःचं घर मिळालं. 'ॲप' हा शब्द ज्या अक्षराने सुरू होतो, ते अक्षर. इतक्या लोकांनी इतकी वर्षं खपून आपली अक्षरं पडद्यापर्यंत आणून पोचवली. आता शेवटच्या डब्यात ती छाटली जाऊ नयेत, एवढंच पाहायचं आहे.

नवी चौकट चांगली की जुनी, हा वाद डेव्हलपर मंडळी खुशाल घालोत. तो त्यांच्या धंद्याचा वाद आहे आणि त्यातून सुधारणा होतात. पण त्यांच्या मतांत आजवर मुख्यतः लिहिणाऱ्याची सोय मोजली गेली. प्रोग्रॅम किती लहान झाला, काम किती लवकर उरकलं. वाचणाऱ्याचं मत त्यात यायला हवं, आणि ते आपणच द्यायला हवं. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर मराठी ॲप मोठ्या अक्षरांत उघडून बघा. काही कापलेलं दिसलं तर त्या पडद्याचं चित्र काढून ॲपवाल्यांना पाठवा, आणि अक्षरं किती मोठी ठेवली आहेत तेही कळवा. नुसतं 'ॲप नीट चालत नाही' असं लिहिलं तर त्यांना काही उमगत नाही, असं त्या मुलीने मला बजावून सांगितलं.

मी लॅबला तसं लिहिलं. उत्तर अजून आलेलं नाही. भाच्याचा मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. "मामू, मंजूर झालं," एवढंच म्हणाला. आमच्या फ्रिजवर मी एक कागद चिकटवला आहे. त्यावर जाड पेनाने लिहिलंय, जेवणापूर्वी १२६, जेवणानंतर १८४. जाता-येता अम्मी तो पुटपुटत वाचते. भाकरी आता पुरी खाते.